म्युनिकची मार्च बिअर आणि रत्नागिरीची आगोट

आजच्या भागाची सुरुवात बांगड्यापासून.

हो, आपलाच बांगडा. पण हा मला मिरकरवाड्याच्या जेटीवर भेटला नाही. हा भेटला म्युनिकमध्ये, आल्प्सच्या पायथ्याच्या शहरात, जिथून समुद्र दिसणं सोडाच, त्याचा वासही येत नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि आम्ही चौघं ऑक्टोबरफेस्टला गेलो होतो. एका मोठ्या तंबूबाहेर निखाऱ्यांसमोर लांब काठ्या तिरक्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक काठीला एकेक मासा टोचलेला. माझा केरळचा मित्र ओरडलाच, "अयला!" मी म्हटलं, "बांगडा!" खरं तर तो आपल्या बांगड्याचा युरोपातला चुलतभाऊ, पण अंगावरचे पट्टे बघितले की नातं लपत नाही.

आमच्यातली एक मैत्रीण म्युनिकचीच. तिनं सांगितलं, ह्याला 'श्टेकरलफिश' म्हणतात, म्हणजे काठीवरचा मासा. पूर्वी इथल्या तळ्यांतले मासे असे भाजायचे, आता बांगडाही असतो. मी विचारलं, "पण बव्हेरियाला समुद्रच नाही, मग हा येतो कसा?" ती हसली. "बर्फात. अजून कसा?"

बर्फ म्हटलं की माझं डोकं वेगळीकडे जातं. माझे बाबा रत्नागिरीत एका बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत. लहानपणी डबा द्यायला गेले की अमोनियाचा तो नाक जाळणारा वास यायचा, आणि मिठाच्या गार पाण्यातून वर येणाऱ्या बर्फाच्या लाद्या बघत मी उभी राहायचे. म्हणून त्या दिवशी बिअरच्या उत्सवात बसून मी बर्फाचा इतिहास शोधत बसले. आणि जे सापडलं, ते थेट आमच्या घरापर्यंत आलं.

आधी उत्सवाची गोष्ट. १२ ऑक्टोबर १८१० ला बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसा यांचं लग्न झालं. बव्हेरिया हे राज्य तेव्हा जेमतेम चार वर्षांचं. नेपोलियनच्या मेहेरबानीनं १८०६ मध्ये राज्याचा दर्जा मिळालेला, नवे-नवे प्रदेश जोडलेले, लोकांना एकमेकांबद्दल आपलेपणा नाही. मग लग्नाच्या निमित्तानं शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं. त्या कुरणाला राजकन्येचं नाव मिळालं, आणि लोकांना मजा आली म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत झाली. म्हणजे सुरुवातीला हा बिअरचा उत्सव नव्हताच, घोड्यांचा होता. कॉलऱ्यामुळे १८५४ आणि १८७३ मध्ये रद्द झाला, दोन्ही महायुद्धांत बंद राहिला, कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्येही झाला नाही. नाव ऑक्टोबरचं असलं तरी आता सुरुवात सप्टेंबरमध्येच होते, कारण तेव्हा हवा जरा बरी असते. २०१९ मध्ये ६३ लाख लोक आले आणि ७३ लाख लिटर बिअर प्यायली गेली. एक ग्लास म्हणजे अख्खा एक लिटर, बरं का! त्याची किंमत रुपयांत मोजायची नाही असं आम्ही आधीच ठरवून गेलो होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पूर्वी बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. १५५३ चा कायदा. बिअर बनवायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल याच काळात. कारण दोन. एक, उन्हाळ्यात भट्ट्या पेटवल्या की आगी लागायच्या. आणि दुसरं महत्त्वाचं, उष्णतेत बिअर नासायची. तिथली बिअर ज्या यीस्टनं आंबते, त्याला थंडी लागते, १० अंशांच्या आसपास. आंबल्यावरही ती कित्येक आठवडे गारठ्यात मुरत ठेवावी लागते. 'लागर' हा बिअरचा प्रकार तुम्ही ऐकला असेल. तो शब्द जर्मनमधल्या साठवणीच्या शब्दावरूनच आला आहे.

मग उन्हाळ्यात लोक काय प्यायचे? त्याचीही सोय होती. मार्च महिन्यात जरा कडक बिअर बनवायची, म्हणजे ती टिकेल. तिला नावच 'मेर्त्सन', मार्चची बिअर. ती जमिनीखालच्या तळघरांत ठेवायची, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची, आणि हिवाळ्यात तळ्यांवर जमलेला बर्फ कापून आणून तळघरात भरायचा. त्याच झाडांखाली लोक बसायला लागले आणि बिअर गार्डन जन्माला आली. उन्हाळाभर ती पुरवून पुरवून प्यायची. सप्टेंबरअखेर नवा हंगाम सुरू होणार, म्हणून जुनी पिंपं रिकामी करायची. उत्सव बरोबर त्याच दिवसांत येतो.

हे ऐकताना मला आजी आठवली. कारण ही तर आगोट आहे!

कोकणाबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. आगोट म्हणजे पावसाळा तोंडावर आलेले दिवस. पाऊस लागला की समुद्र बंद, मासा बंद. म्हणून एप्रिल-मे महिन्यात घरोघरी बेगमी सुरू होते. सुकट, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा. उन्हात कडकडीत वाळवायचं, डब्यात भरायचं आणि श्रावणापर्यंत पुरवायचं. बव्हेरियात उन्हाळ्यासाठी मार्चमध्ये बिअर, रत्नागिरीत पावसासाठी मे महिन्यात सुकट. दोन्हीकडे हुकूम हवामानाचा.

कायद्यातली ती बंदी १८५० मध्ये उठली. पण कागदावरची बंदी उठल्यानं ऊन थोडंच कमी होतं? एखादा हिवाळा उबदार गेला की तळ्यांवर बर्फ धरायचा नाही आणि बिअरवाल्यांचं धाबं दणाणायचं.

इथे येतात कार्ल लिंडे. जन्म १८४२ चा, म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक. त्यांनी १८७० च्या सुमारास कृत्रिम थंडीबद्दल लेख लिहिले. ते विद्वानांनी वाचले असतील-नसतील, पण बिअरवाल्यांनी नक्की वाचले! श्पाटन ब्रुअरीचे गाब्रिएल सेडलमायर यांनी आपल्या कारखान्यात प्रयोग करायला जागा दिली. पहिलं यंत्र मिथाइल इथरवर चालणारं होतं. मग १८७६ मध्ये लिंडे यांनी अमोनियाचं यंत्र आणलं आणि ते जमलं. १८७९ मध्ये त्यांनी कंपनीच काढली, बर्फाच्या यंत्रांची.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. अमोनिया वायू दाबायचा, तो तापतो. त्याला गार करून द्रव करायचा. मग दाब सोडायचा. द्रवाचा पुन्हा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. उघड्यावर अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, म्हणजे पाण्याचा बर्फ करणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ.

आणि लिंडे यांच्या वर्गात एक हुशार विद्यार्थी होता. रुडॉल्फ डिझेल. हो, तोच डिझेल! शिक्षण संपल्यावर त्यानं लिंडे यांच्याच कंपनीसाठी पॅरिसमध्ये काम केलं, बर्फाच्या यंत्रांवर. पुढे १८९३ ते १८९७ या काळात त्याचं इंजिन तयार झालं म्युनिकजवळच्या आउग्सबुर्ग शहरात. ज्या कारखान्यात लिंडे यांचं पहिलं यंत्र घडलं होतं, त्याच कारखान्यात.

आता जरा मिरकरवाड्याचं बंदर डोळ्यांसमोर आणा. धक्क्याला लागलेल्या बोटींत काय आहे? डिझेल इंजिन. पहाटे त्यांच्या पोटात काय भरतात? बर्फाचा चुरा. एक गुरू आणि एक शिष्य, आणि आमचं अख्खं बंदर त्या दोघांवर चालतंय.

बर्फ आधीही हिंदुस्थानात आला होता. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजानं कलकत्त्याला आला, तळ्यातून कापलेला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पण तो साहेबांच्या पेल्यासाठी. कोळणीच्या टोपलीत तो कधी पडणार? ताजा मासा डोक्यावरून जेवढा लांब जाईल, तेवढाच त्याचा बाजार. उरलेला वाळवायचा. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिनं बसली, किनाऱ्यावर बर्फाचे कारखाने आले, कोळंबीला परदेशात भाव मिळायला लागला. रत्नागिरीची सुरमई मुंबईच्या ताटात ताजी पोचायला लागली. बोटी चार-पाच दिवस समुद्रात राहायला लागल्या, कारण मासा नासायची भीती गेली. माझं शिक्षण त्या लाद्यांवर झालंय. हे मी मोठेपणानं सांगत नाहीये, हिशोब म्हणून सांगतेय.

एवढं सगळं वाचून मी तंबूच्या मागे गेले आणि बाबांना फोन लावला. आत बँडचा दणका चालू होता.

"काय गो, जेवलीस काय?"

"बाबा, तुमचं मशीन इथलं आहे! म्युनिकचं! बिअर गार ठेवायला केलेलं!"

"आमचा कॉम्प्रेसर?"

"तसलाच. अमोनियाचा. दीडशे वर्षांपूर्वीचा."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग त्यांना सांग, आमचा एक टँक बंद हाय. मागणी नाय."

मी एकदम जमिनीवर आले. टँक बंद आहे हे मला माहीत नव्हतं. सप्टेंबर म्हणजे खरं तर धावपळीचे दिवस. पण बोटी रिकाम्या येतात, मग बर्फ कोण नेणार? रिकामी बोट दोनदा गेली की मालक तिसऱ्यांदा डिझेल भरताना विचार करतो.

आता आपल्याकडच्या बंदीबद्दल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. लहानपणी मला ही बंदी अजिबात आवडायची नाही. कारखाना थंड, बाबा घरी, आई प्रत्येक रुपया मोजणार. म्युनिकची गोष्ट वाचून आधी वाटलं, बघा, त्यांनी यंत्र काढलं आणि बंदीचा प्रश्न मिटवला. आपल्यालाही जमेल की!

पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, या दोन बंदी एकसारख्या नाहीत. बव्हेरियाची बंदी तयार मालासाठी होती. बिअर नासू नये म्हणून. उपाय सापडला, बंदीची गरज संपली. बार्ली दर वर्षी पेरतातच. आपली बंदी माल टिकवायला नाही. पावसात मासा अंडी घालतो, पिल्लं वाढतात, आणि समुद्रही खवळलेला असतो. माणूस आणि मासा दोघांसाठी ती सुट्टी आहे. बर्फानं पकडलेला मासा टिकतो. न जन्मलेला मासा बर्फानं येत नाही.

आणि बर्फ-इंजिनाची जोडी जितकी वाढली, तितकी ओढही वाढली. मोठी जाळी आली, रात्री दिवे लावून मासा गोळा करणं आलं. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. नियम पाळले जातात की नाही, यावरून पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटवाले यांच्यात आजही वाद होतात. दोन्ही बाजूंना आमच्या ओळखीची माणसं आहेत. दोन्हीकडे कर्ज आहे. त्यामुळे मी इथे बसून कुणाला शहाणपण शिकवणार नाही. पण एवढं नक्की, की त्या ६१ दिवसांवर मी आता चिडणार नाही.

मी परत आत गेले. केरळच्या मित्राला टँकचं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडेही तेच." मग आम्ही एक बांगडा घेतला, चौघांत वाटून खाल्ला. मीठ कमी होतं, कोकम नव्हतंच. म्युनिकच्या मैत्रिणीला मी आगोट हा शब्द शिकवला. 'ट' तिला नीट जमला नाही, पण अर्थ लगेच कळला. "म्हणजे मेर्त्सन," ती म्हणाली. आणि हो, मी बिअर घेतली का, हे आई ऐकत असेल तर सांगते: सफरचंदाचा रस आणि सोडा!

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरी आजी असेल, शेजारी कुणी म्हातारी कोळीण असेल, तर तिला विचारा: बर्फ यायच्या आधी तुम्ही आगोटीला काय-काय भरून ठेवायचात? दोन मिनिटांची व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. पुढचा भाग त्या आवाजांचाच करू.

भेटू या. तोवर काळजी घ्या.