पावसाच्या सोळा खुणा

मे महिना सरत आला की आमच्या पनवेलमध्ये जो तो वेधशाळा होतो. बहावा कधी फुलला, कावळ्याने घरटं शेंड्यावर बांधलंय की मधल्या फांद्यांत, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्यात, सगळ्यावरून पावसाचा अंदाज. पंचांगवाले मृगाचं वाहन सांगतात, बेडूक की कोल्हा. गंमत म्हणजे ते वाहन आकाशाकडे बघून ठरत नाही, नक्षत्रांची मोजदाद करून ९ ने भागायचं आणि बाकी किती उरते ते बघायचं!

या खुणांना हसू नका. कशावरून काय होईल हे माणूस असंच शिकतो. अडचण एवढीच की खूण खरी ठरली ते वर्ष घरोघर सांगितलं जातं आणि चुकलेलं वर्ष विसरलं जातं.

चुकलेली वर्षंही धरायला सुरुवात झाली ती हवामान खात्यात. १८७७ च्या पावसाने दगा दिला, मोठा दुष्काळ पडला. तेव्हाचे खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी एक खूण शोधली: हिमालयात बर्फ जास्त तर पुढचा पाऊस कमी. १८८६ पासून त्यावर अधिकृत अंदाज निघू लागले. पण १८९९ साली अंदाज चांगल्या पावसाचा होता, आणि पडला भीषण दुष्काळ.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. माणूस मूळचा गणिती. जगभरचे हवेचे दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे मागवून त्यांनी कारकुनांकडून हाताने परस्परसंबंध काढून घेतले. प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो, हे त्यातूनच कळलं. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. शंभर खुणा तपासल्या तर दोन-चार निव्वळ योगायोगानेही जुळणारच, हे त्यांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं.

आता आपल्या पुण्याचे वसंत गोवारीकर. १९८८ मध्ये त्यांचं १६ खुणांचं मॉडेल आलं. त्यात युरेशियातला बर्फ होता, एल निनो होता, अगदी अर्जेंटिनातला हवेचा दाबही होता. मॉडेल वर्षानुवर्षं पास होत गेलं. १९९७ मध्ये एवढा जबरदस्त एल निनो असूनही देशात पाऊस ठीकठाक झाला.

मग आलं २००२. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१ टक्के. जुलै महिना तर जवळपास कोरडाच गेला, पाऊस जेमतेम निम्मा. अंदाजावर विसंबून पेरणी केलेल्या शेतकऱ्याचं बियाणं मातीतच गेलं. दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे?

आम्हा प्रोग्रामर मंडळींच्या भाषेत सांगायचं तर जुने पेपर पाठ करून पोरगा पहिला यायचा, नवा पेपर आल्यावर अडकला. आणखी एक गोष्ट बघा. १९८८ ते २००१ या १४ वर्षांत देशव्यापी दुष्काळ पडलाच नव्हता. म्हणजे दरवर्षी डोळे मिटून 'यंदा दुष्काळ नाही' म्हणणाराही १४ पैकी १४ वेळा बरोबर ठरला असता! मॉडेलची खरी परीक्षा झाली ती पंधराव्या वर्षी.

२००३ मध्ये खुणा कमी करून ८ आणि १० ची मॉडेलं आली. २००४ मध्ये तीही चुकली: अंदाज १०० टक्के, पाऊस ८७. आता खातं समुद्र आणि वातावरणाचं गणित संगणकावर चालवून, अनेक मॉडेलांची उत्तरं एकत्र करून अंदाज देतं. तेही चुकतात, पण कुठे चुकले हे शोधता येतं, कारण त्यात नुसती खूण नसते, कारणही असतं.

पनवेलकराला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. डोंगरात धो धो पाऊस कोसळतोय आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर गाढी नदीचं पाणी तुंबणार. ही खूण पाठ करावी लागत नाही, पाणी कुठे अडतं ते डोळ्यांना दिसतं. बाकी बहावा दरवर्षी बघावा, सुंदर दिसतो. पण त्याच्या भरवशावर बियाणं टाकायचं असेल, तर आधी वही घ्यावी आणि चुकलेली वर्षंही लिहावीत.