व्हिएन्नाच्या कॉफीगृहांचा मूळपुरुष
व्हिएन्नात जेवण कोठेही घ्यावे; कॉफी मात्र जुन्या कॉफीगृहातच. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, वर्तमानपत्र मिळते, आणि उठण्याची घाई कोणी करीत नाही. या परंपरेचा मूळपुरुष कोण? आख्यायिका कोल्शित्स्कीचे नाव घेते: १६८३ चा वेढा उठल्यावर तुर्कांनी टाकलेली कॉफीची पोती म्हणे त्याला मिळाली. १८८५ मध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. दप्तर मात्र सांगते, की कॉफीविक्रीचा परवाना १६८५ मध्ये योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्यास मिळाला. शहरातील एका उद्यानाला त्याचे नाव लाभले ते २००४ मध्ये! शौर्यकथा आपोआप टिकते; परमुलखात निमूटपणे बस्तान बसविणाऱ्याची आठवण केवळ कागद राखतो. आपल्या घराण्यांची दप्तरे म्हणूनच जपावयास हवीत.