राखून ठेवलेले शिखर

माडीचा जिना चढताना मला धाप लागते. पण ह्यू मन्रो या स्कॉटिश गृहस्थाची हकीकत मी किती वेळा वाचली असेल, सांगवत नाही. १८९१ साली त्याने स्कॉटलंडमधील ३००० फुटांहून उंच शिखरांची यादी छापली. अशी शिखरे थोडीच असावीत असा समज होता, निघाली २८३!

ती सारी चढण्यात रॉबर्टसन नावाच्या पाद्र्याने १९०१ मध्ये बाजी मारली. अखेरच्या माथ्यावर त्याने म्हणे आधी दगडांच्या राशीचे चुंबन घेतले, मग सोबतच्या पत्नीचे! बाईंना काय वाटले असेल? पुढे त्याच्या टिपणांत अभ्यासकांना आढळले, की बेन विव्हिसवरून पावसामुळे तो माथ्याआधीच परतला होता. पुन्हा गेल्याची नोंद नाही. मला यात लबाडी दिसत नाही. दहा वर्षांच्या पायपिटीत एखादा माथा निसटायचाच.

मन्रोची मात्र हळहळ वाटते. स्काय बेटावरचा सरळसोट सुळका त्याला कधी साधला नाही. कार्न क्लॉइख-वुलिन हे सोपे शिखर त्याने शेवटच्या आनंदसोहळ्यासाठी मुद्दाम राखले होते. १९१९ मध्ये फ्रान्समध्ये त्याचा अंत झाला. तेही राहून गेले. आणि १९८१ साली मुख्य शिखरांच्या यादीतून नेमके तेच वगळण्यात आले.