सुरीची धार

गेल्या श्रावणात भोपळा चिरताना बोथट सुरी निसटली नि माझे बोट कापले. सासूबाई सुरी पाट्याच्या कडेला पाणी लावून घाशीत. त्या पाट्याचा काळा दगड आपल्या गिल्बर्ट हिलचाच भाऊबंद, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. मी मात्र बाजारातून करडा दगड आणला. तो कारखान्यातला. १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचेसनसाहेब कृत्रिम हिरे करू पाहत होते. हाती आले ते दुसरेच कठीण खडे. त्यांत कोळसा नि कुरुंद असावा असे वाटून त्यांनी ‘कार्बोरंडम’ नाव दिले. कुरुंद त्यांत मुळीच नव्हता! पण आपला देशी शब्द असा जगभर गेला. हा दगड आधी पाण्यात भिजवावा, पात्याची पाठ जराशी उचलून दोन्ही बाजू सारख्याच घासाव्या.