पलटणींतील मास्तर आणि महाड

स्वतः विद्या जाणणें व ती दुसऱ्यास शिकविणें या दोन निरनिराळ्या कला आहेत, ही जाणीव महाराष्ट्रांत फार जुनी नाहीं. सुवाच्य मोडी लिहितां आली व पावकी-निमकी तोंडपाठ असली कीं गांवचा पंतोजी शिकविण्यास लायक ठरे. या समजुतीस पहिला धक्का मुंबईस बसला. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखालीं २४ शिक्षक तयार करण्यांत आले आणि १८२६ सालीं त्यांस ठिकठिकाणच्या देशी शाळांवर पाठविण्यांत आलें. पुढें १८४५ त शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची धुरा बाळशास्त्री जांभेकर यांनीं वाहिली. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें तर प्रत्येक इलाख्यांत अध्यापनशाळा काढाव्या व तेथील उमेदवारांस विद्यावेतन द्यावें, असें धोरण सांगितलें.

परंतु या शाळांतून मास्तर होऊन बाहेर पडत कोण? बहुतेक पांढरपेशेच. म्हणूनच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं आग्रहानें सांगितलें कीं, शेतकरी वर्गांतूनच शिक्षक तयार करावे. ते मुलांत मोकळेपणानें मिसळतील. अशा शिकून तयार झालेल्या मास्तरास दरमहा निदान १२ रुपये पगार असावा, असेंहि त्यांचें म्हणणें होतें.

जें मुलकी खात्यांत दुर्मिळ होतें, तें लष्करांत मात्र घडत होतें. मुंबई इलाख्याच्या फौजेंत महार शिपायांची संख्या मोठी होती. पलटणींत शिपायांच्या मुलांमुलींस शिक्षण सक्तीचें असे व प्रौढ शिपायांचेहि वर्ग चालत. या शाळांना मास्तर हवे, म्हणून पुण्यास लष्करी नॉर्मल स्कूल होतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे गांवचे रामजी मालोजी सकपाळ तेथूनच अध्यापनाचें प्रशस्तिपत्र घेऊन बाहेर पडले. पुढें चौदा वर्षें ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्यांचे पुत्र.

या लष्करी विद्येचा प्रसाद कोंकणांत कोठें पोहोंचला, हें पाहावयाचें तर सावित्रीकांठीं यावें. आज औद्योगिक वसाहतीमुळें ओळखल्या जाणाऱ्या महाडच्या आसपास, विशेषतः दासगांवास, पेन्शनर शिपायांची वस्ती होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ सालीं लष्करांतून निवृत्त झाले. १८८८ त त्यांनीं ‘विटाळविध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेस शास्त्राधार विचारला. १८९५ सालीं ते महाड तालुका लोकल बोर्डाचे सभासद झाले. मध्यंतरीं सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली होती. तिच्याविरुद्ध वलंगकरांनीं १८९४ सालीं अर्ज तयार केला. भरती गेली म्हणजे नुसता पगार गेला असें नव्हे; शाळेचा व मास्तरकीचा मार्गहि बंद झाला.

त्याचे परिणाम पुढच्या पिढीनें भोगले. महाडजवळच्या लाडवली येथें १९०३ सालीं जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे हुशार विद्यार्थी. परंतु महाडच्या इंग्रजी शाळेंत प्रवेश मिळविण्यासाठीं त्यांस बालवयांतच झगडावें लागलें. याच मोऱ्यांनीं पुढें महाडच्या परिषदेसाठीं पुढाकार घेतला. मार्च १९२७ मधील त्या परिषदेच्या भाषणांत अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनीं लष्करांतील सक्तीच्या शिक्षणाची व तेथें हेडमास्तर झालेल्या अस्पृश्यांची आवर्जून आठवण दिली. दुसऱ्या दिवशीं, २० मार्चला, चवदार तळ्याचें पाणी प्राशन करण्यांत आलें.

लष्करानें मास्तर घडविले ते स्वतःच्या सोयीसाठीं. परंतु शिकविण्याची कला हातीं आलेला मनुष्य पेन्शन घेऊन घरीं परतला, तरी ती कला पलटणींत ठेवून येत नाहीं. चवदार तळ्याचा इतिहास सांगतांना म्हणून पुण्याच्या त्या लष्करी शाळेसहि एक ओळ द्यावयास हवी.