जडावाची लेखनपेटी : ओळख आणि जपणूक

जुने घर सोडून फ्लॅटमध्ये जाताना आजोबांची लेखनपेटी भंगारात निघते, नाहीतर सुताराकडे पॉलिशला जाते. त्याआधी तिच्यावरचे जडावकाम एकदा नीट पाहावे, म्हणून रायापूर आणि हुबळी-धारवाड परिसरातील आपल्या सभासद कुटुंबांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

स्वरूप
पेटी उघडली की लिहिण्यासाठी उतरता पृष्ठभाग मिळतो. आत कागद ठेवण्याची जागा, दौत-टाकाचे कप्पे आणि क्वचित एखादा चोरकप्पा असतो.

सुरत-मुंबईची सादेली
ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरतेस आली असे मानतात. पारशी कारागिरांनी ती जोपासली. हस्तिदंत, शिंग, आबनूस, पतंगाचे लाकूड आणि कथील यांच्या बारीक काड्या सरसाने चिकटवून जुडी बांधतात. जुडी आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटते. या चकत्या पेटीवर बसवतात. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या 'बॉम्बे बॉक्स' नावाने विलायतेस जात.

म्हैसूरचा जडाव
येथे शिसवी लाकडात खाच कोरून वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे बसवतात. पिवळ्या रंगासाठी फणसाचे लाकूड वापरतात. पूर्वी हस्तिदंतही असे. म्हैसूरच्या राजवाड्यात अंबाविलास सभागृहाचा शिसवी दरवाजा हस्तिदंती जडावाचा आहे.

इटलीतील नातेवाईक
उत्तर इटलीतील 'चेर्तोसिना' या जडावात अक्रोडाच्या लाकडावर हाड व हस्तिदंताची भौमितिक नक्षी असते. उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याच्या अभ्यासिकेच्या भिंतींवर पंधराव्या शतकात लाकडी तुकड्यांतून पुस्तकांची उघडी कपाटे साकारली. त्याची गुब्बिओ येथील दुसरी अभ्यासिका आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पुढे सोरेंतो गाव जडावाच्या मेजांसाठी नावाजले.

हस्तिदंत की हाड?
भिंगातून पाहावे. हाडात बारीक काळसर ठिपके किंवा रेघा दिसतात. हस्तिदंत एकसंध असतो, त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात.

जपणूक
१. पॉलिश पेपर किंवा रंधा मारू देऊ नये. जडावाचा थर पातळ असतो, एकदा घासला गेला की नक्षी कायमची जाते.
२. ओल्या फडक्याने पुसू नये, पाण्याने सरस सुटतो. मऊ कोरडे फडके पुरे.
३. ऊन, पंख्याचा झोत आणि ओलसर भिंत टाळावी.
४. निखळलेला तुकडा फेकू नये, लिफाफ्यात घालून पेटीतच ठेवावा.

कायदा
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठवण्यावरही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत. परदेशातील मुलांकडे पेटी पाठवण्यापूर्वी वन विभाग व पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

घरात अशी पेटी असल्यास तिचे फोटो काढावेत आणि ती कोणाची, कोठून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून आत ठेवावे. सांगणारे माणूस आहे तोवर हे होऊ शकते.