मिरजेचे तीन गेज आणि एक यूएसबी-सी केबल

लॅपटॉपला यूएसबी-सीचं भोक. नवीन मॉनिटरलाही तेच भोक. घरात मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेली केबल पडलेली असते, तिची दोन्ही टोकं दोन्हीकडे फिट्ट बसतात. लॅपटॉप चार्जसुद्धा व्हायला लागतो... आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणून झोपी जातो. मग लोक ड्रायव्हर अपडेट करतात, मॉनिटरला शिव्या घालतात, दुकानदाराला फोन लावतात. खरं तर लॅपटॉप, मॉनिटर आणि केबल, तिघंही ठणठणीत असतात.

या भानगडीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात अमेरिकेपासून करायला हवी. पण मी पडलो सांगलीचा, म्हणून मिरजेपासून करतो. (सांगलीकराने मिरजेचं कौतुक करणं किती जड जातं, ते दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे!)

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. भारतात पहिली रेल्वे आली ती ब्रॉड गेजची, १६७६ मिलिमीटर. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या काळात खर्च वाचवायला मीटर गेज आणायचं ठरलं, १००० मिलिमीटर. आपल्या सातारा-सांगलीच्या वाट्याला हेच स्वस्तातलं आलं. सदर्न मराठा रेल्वेची पुण्याहून मिरजेकडे येणारी लाइन मीटर गेजचीच होती. १८९१ साली कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंत आपली लाइन आणली, तीही मीटर गेज. आणि तिकडे सोलापूर भागात एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, ७६२ मिलिमीटरची. ती १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली.

परिणाम काय? कराडचा गूळ किंवा सांगलीची हळद मुंबईला पाठवायची तर पुण्यात मीटर गेजच्या वाघिणीतून उतरवून ब्रॉड गेजच्या वाघिणीत भरायची. लातूरकडे जाणारा माल मिरजेत पुन्हा तसाच. म्हणजे हमाली, वेळ, पोत्यांची ओढाताण. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉड गेज झालं, पण मिरजेपासून बेळगाव-लोंड्याची बाजू मीटर गेज आणि पंढरपूरची बाजू नॅरो गेज तशीच राहिली. त्यामुळे पुढची वीसेक वर्षं मिरजेत तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच टेबलावर व्हीजीए, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट!

एक मात्र मानायला हवं. त्या गोंधळात फसवणूक नव्हती. नॅरो गेजचं इंजिन ब्रॉड गेजवर जात नाही हे रुळाकडे बघून शाळकरी पोरालाही कळायचं.

मग १९९० च्या दशकात लोंड्याची बाजू ब्रॉड गेज झाली आणि २०१० च्या आसपास पंढरपूरची. याचं मोल काय ते २०१६ च्या एप्रिलमध्ये दिसलं. लातूर शहरात पिण्याला पाणी नव्हतं. राजस्थानातल्या कोटा वर्कशॉपमध्ये धुऊन काढलेल्या टँकर वाघिणी मिरजेला आल्या, कृष्णेचं पाणी भरून सुमारे ३४० किलोमीटर लातूरला गेल्या. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. नंतर पन्नास वाघिणींची, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटरची गाडी धावायला लागली. हाच रस्ता नॅरो गेज असताना कोट्याची वाघीण मिरजेच्या पुढे एक फूटसुद्धा सरकली नसती. गेज जुळणं ही केवळ इंजिनिअर लोकांची हौस नाही, ती अशी कुणाच्या तरी घागरीपर्यंत पोचते.

म्हणजे गेज एक झालं की सगळं झालं? इथेच खरी गंमत आहे, आणि केबलचा मुद्दाही इथेच येतो. पुणे-मिरज लाइन १९७१ पासून ब्रॉड गेज होती, पण वर विजेच्या तारा नव्हत्या. इलेक्ट्रिक इंजिन त्या रुळावर बसलं असतं अगदी बरोबर, फक्त हललं नसतं. तारा आल्या त्या अलीकडे. १६ सप्टेंबर २०२४ ला पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज करत ती जाते. ही गाडी ताशी १६० किलोमीटरने धावू शकते, पण ३२६ किलोमीटरला तिला पाच तासांहून जास्त लागतात. म्हणजे गेज तेच असलं तरी वीज आहे का आणि वेग किती, हे प्रश्न वेगळेच राहतात. आणि ते नुसते रूळ बघून कळत नाहीत.

यूएसबी-सी नेमकं असं आहे. १९९६ मध्ये यूएसबी आलं (त्यामागच्या इंटेलच्या टीममध्ये बडोद्याचे अजय भट्ट होते, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात), मग त्याचे ए, बी, मिनी, मायक्रो असे आकार निघाले. मिरज जंक्शनच म्हणा ना. ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सीचं स्पेसिफिकेशन प्रसिद्ध झालं आणि आकार एक झाला. पण त्या २४ पिनांमागे केबलमध्ये कुठल्या तारा घालायच्या याची मोकळीक ठेवली. मोबाईलबरोबर येणाऱ्या केबलमध्ये बहुतेक वेळा विजेच्या तारा आणि यूएसबी २.० ची एक जोडी असते, ४८० एमबीपीएसची. मॉनिटरला चित्र जातं ते दुसऱ्या चार वेगवान जोड्यांमधून, आणि त्या तिच्यात नसतातच. ही केबल बनावट नाही बरं का! नियमात बसणारी आहे. माझ्या मते समितीची खरी चूक तीच. आकार एक केला, पण केबलवर क्षमता ठळक छापण्याचं मनावर घ्यायला फार वर्षं लावली.

बनावट केबलची गोष्ट वेगळी. गूगलचे इंजिनिअर बेन्सन ल्युंग बाजारातल्या टाइप-सी केबल विकत घेऊन तपासायचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये उलट्या जोडलेल्या तारांच्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबल विकायला बंदी घातली.

तर आता खरेदी. पाकिटावर वॉट आणि जीबीपीएस हे दोन्ही आकडे शोधा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही! '२४० वॉट' लिहिलेली जाडजूड केबल आतून ४८० एमबीपीएसची असू शकते, तिच्यावर लॅपटॉप झकास चार्ज होतो आणि पडदा काळाच. साध्या ४के, ६० हर्ट्झ मॉनिटरला १० किंवा २० जीबीपीएसची पूर्ण तारांची केबल पुरते. ४० वाली घेतलीत तर डोक्याला त्रास नाही. वीज ६० वॉटपर्यंत कुठलीही नियमातली सी-टू-सी केबल देते, त्यापुढे केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. लॅपटॉपच्या पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा विजेच्या बाणाची खूण आहे का तेही बघा. खूण नसली तर मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडा, कारण पोर्टमधून चित्रच बाहेर पडत नसेल तर हजार रुपयांची केबल काय करणार? डॉक वापरत असाल तर चारपैकी दोन जोड्या यूएसबीला जाऊ शकतात, आणि जुन्या लॅपटॉपवर ४के मग ३० हर्ट्झवर येतं. माउसचा बाण अडखळायला लागला की हेच आधी तपासा.

लांबी एक मीटरच्या आत ठेवा. वेग वाढतो तशी साध्या केबलची लांबी कमी करावी लागते, आणि टेबलावर मॉनिटर असतो तरी किती लांब. जुनी केबल टाकून देऊ नका, मोबाईलला उत्तम चालते. फक्त तिच्या टोकाला चिकटपट्टी लावून 'फक्त चार्जिंग' असं लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी घरातलं कुणीतरी तीच मॉनिटरला लावणार आणि फोन तुम्हाला येणार.